कोरडा तंबू

१

ऑर्विल टँगेन गेल्याची बातमी इनेझ बेटनकोरला त्याच्या मुलानेच आणून दिली.

उजाडून फार वेळ झाला नव्हता. इनेझ चौकीत कॉफीचा पहिला घोट घेत होती. दार न वाजवताच लाइल टँगेन आत आला आणि तिथेच उभा राहिला. चाळिशीचा, आडव्या अंगाचा माणूस; बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा त्याचा धंदा. त्याची पँट गुडघ्यांपर्यंत मातीने माखली होती.

"फांदी पडली," तो म्हणाला. "बाबांच्या तंबूवर. आत्ता, उजाडताना."

"आणि आई?"

"ती बाहेर होती. ती... ती बरी आहे."

इनेझने रुग्णवाहिकेला आणि शेरीफच्या कचेरीला कळवलं आणि त्याच्याबरोबर निघाली. फर्न हॉलोच्या तळावर रेंजर म्हणून तिची इतकी वर्षं गेली होती, की दर जूनमध्ये कोण कुठे तंबू ठोकणार हे तिला न विचारता माहीत असायचं. टँगेन कुटुंबाची जागा म्हणजे वळणावरची शेवटची. एका बाजूला छोटंसं कुरण, दुसऱ्या बाजूला नेच्यांची दाटी, आणि त्या नेच्यांमधून वर गेलेली आजीबाई.

आजीबाई म्हणजे तिथलं सगळ्यात जुनं रेडवुड. येशूच्या जन्माआधी रुजलेलं. खोड एवढं, की सात-आठ माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नसे.

फांदी तिचीच होती. माणसाच्या कमरेएवढी जाड, आणि लांबीला एखाद्या होडीसारखी. तिच्याखाली निळा तंबू चेपला होता. तंबूच्या फाटलेल्या तोंडातून ऑर्विलचं डोकं बाहेर आलं होतं. फांदी छातीवर होती. चेहऱ्यावर मात्र ओरखडाही नव्हता. म्हाताऱ्याचे गाल गुलाबी दिसत होते, आत्ताच लांब फिरून आल्यासारखे.

इनेझने त्याच्या मानेला बोटं लावली. अंग गार पडलं होतं.

कमरेचा रेडिओ खरखरला. वरिष्ठ मेरिल होता. त्याला बातमी कळली होती.

"त्या झाडाबद्दल तूच मागे लिहिलं होतंस ना? वरच्या फांद्या तपासा म्हणून?"

"लिहिलं होतं."

"मग आता माझ्यापाशी दुसरा इलाज नाही, इनेझ. माणूस मेलाय. ते झाड तोडावं लागेल. आज कागद करतो."

इनेझने मान वर करून झाडाकडे पाहिलं. वरून टपटप पाणी पडत होतं. रात्रभर शेंड्यांना धुकं अडकलं होतं. या रानात उन्हाळ्यात पाऊस पडतो तो असाच, फक्त झाडांखाली. चार पावलं चालून कुरणात गेलं की गवत कोरडं ठणठणीत. तिच्या टोपीवरून ओघळ येत होते. बाजूच्या लाकडी टेबलावर तळं साचलं होतं. नेचे निथळत होते.

मृताला नीट झाकावं म्हणून तिने फांदीखाली हात घालून तंबूचं कापड ओढून पाहिलं. ते निघेना. तिने हात बाहेर काढला आणि तळव्याकडे पाहत राहिली.

मग पुन्हा घातला, दुसऱ्या बाजूने. पुन्हा तेच.

रात्रभर या झाडाखाली उभा असलेला तंबू आधी चिंब भिजायला हवा होता. मग उजाडताना त्याच्यावर फांदी पडायला हवी होती.

फांदीखालचं कापड पापडासारखं कोरडं होतं.

२

करीन टँगेन कुरणाच्या कडेला व्हॅनच्या मागच्या दाराशी पाव कापत होती. लाइलची ही थोरली बहीण. आईवडिलांच्या घरीच राहायची, दोघांचं सगळं तीच बघायची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उलटं ठेवून त्याच्यावर ती सुरी चालवत होती, आणि दर कापाला पत्रा किंचाळत होता.

"आईने काल दुपारपासून धड खाल्लं नाही," ती मान वर न करता म्हणाली. "काहीतरी करायला हवं ना हातांना."

"तंबू त्या झाडाखाली कधी लावला, करीन?"

"परवा. आल्या आल्या."

"कुरणात नाही?"

"बाबांना सावली लागते." सुरी थांबली. "लागायची."

"आणि फांदी?"

"उजाडताना. मी इथे व्हॅनमध्ये झोपले होते. आवाजानेच जाग आली. आई त्याआधीच उठून कुठेतरी गेली होती. लाइलला ती रस्त्यावर सापडली, अनवाणी. हल्ली तिचं असंच असतं. दार उघडं दिसलं की निघाली." ती जरा थांबली. "नशीबच म्हणायचं यावेळी."

कुरणात तीन घडीच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर मार्गिट टँगेन गोधडी पांघरून बसली होती. उजव्या हाताला पंजापासून कोपरापर्यंत प्लास्टर. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडल्याचं करीनने पत्र्याच्या आवाजातच सांगितलं. इनेझ तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"मार्गिटबाई, मी इनेझ. ओळखलंत?"

"ओळखलं की. तू ती टोपीवाली." म्हातारी हसली आणि लगेच तिने कपाळ धरलं. "डोकं फुटतंय गं माझं."

"सकाळपासून दोनदा ओकली," करीन मागून म्हणाली. "धक्का बसलाय."

खुर्च्यांच्या पायांजवळचं गवत इनेझला आता नीट दिसलं. ते चेपलेलं होतं, फिकट पडलेलं होतं, आणि चेपल्याची कड आखल्यासारखी सरळ होती. ती कड तिन्ही खुर्च्यांखालून जाऊन कोपऱ्यात वळत होती. त्या कोपऱ्यात मातीला खुंटीचं भोक होतं.

शोकात बुडालेली माणसं खुर्च्या कुठेही टाकतात. इतक्या नेमक्या ठेवत नाहीत.

ती उठणार तोच मार्गिटने डाव्या हाताने तिची बाही पकडली. म्हातारीच्या बोटांत केवढा जोर होता! तिने इनेझला जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजली.

"मी केलं ते, पोरी. मीच केलं. त्यांना माझ्यामुळे मरण आलं."

३

"भांडण झालं होतं, हो, झालं होतं," डेनिस रोबल हात उडवत म्हणाला. शेजारच्या जागेवर त्याची भली मोठी गाडी उभी होती आणि तिच्या पोटाशी जनरेटर. "म्हातारा काल तावातावाने आला आणि म्हणाला, तुझं हे यंत्र नदीत फेकून देईन. मी म्हटलं, उचलून दाखव. एवढंच! यासाठी मी झाडाची फांदी तोडायला वर चढलो असं वाटतंय का तुम्हाला? माझं पोट बघा जरा."

तळाची देखभाल करणारा हर्शेल पिकेट त्याच्या मागेच उभा होता. बायको गेल्यापासून तो आणि त्याचं कुत्रं ट्रेलरमध्ये इथेच राहत होते.

"इनेझबाई, हा माणूस ओरडतो फार, पण हातून काही होणारा नाही," तो म्हणाला.

"आभारी आहे," डेनिस फणकारला.

"फांदी पडल्याचा आवाज कधी आला?" इनेझने विचारलं.

"कालच. संध्याकाळी, तो वारा सुटला होता तेव्हा. गाडी हादरली माझी. तो भांडून गेला त्यानंतर. मनात म्हटलं, बरं झालं, पडलं काहीतरी त्याच्या डोक्यात." त्याचा चेहरा एकदम पडला. "तसं मनात आलं होतं खरं. देवाशप्पथ, गंमतीने."

"आणि आज सकाळी?"

"सकाळी काही पडलं नाही. मी जागा होतो. नुसती कटकट ऐकू येत होती त्यांच्या बाजूने. कटक्, कटक्, कटक्. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला कुणी चावी द्यावी तशी. मग थांबली."

हर्शेलने डोकं खाजवलं. "वारा तर अंधार पडायच्या आत मेला होता. धुकं आलं की इथे पान हलत नाही. मीही तोच आवाज ऐकला संध्याकाळचा. पण एवढ्या रानात रोज काही ना काही पडतंच. कुणी हाक मारली नाही, म्हणून मी गेलो नाही."

"त्यांच्याकडे गेलाच नाहीस?"

"त्याच्या आधी गेलो होतो, वारा सुटायच्या आत. मक्याची कणसं भाजत होते. मलाही एक दिलं करीनने. ती लोखंडाची शेगडी त्यांची, तीन पायांची, जड. दरवर्षी आणतात."

इनेझ परत निघाली. वाटेत पाण्याच्या नळाशी तिला ती शेगडी दिसली. उलटी घातलेली, घासून लख्ख केलेली. राखेचा कण नव्हता.

बाप मरून पडलाय आणि शेगडी कोण घासतं?

आजीबाईखाली आता रुग्णवाहिकेतले दोघं जण आले होते. फांदीला हात लावायचा नाही, शेरीफची माणसं येईपर्यंत थांबायचं, असं इनेझने त्यांना बजावलं होतं. त्यांतली तरुण मुलगी ऑर्विलच्या चेहऱ्याशी वाकली होती. ती मागे न बघता म्हणाली, "एवढं वजन छातीवर येऊन रक्ताचा थेंब नाही. आणि रंग बघा ना यांचा. असा रंग मी एकदाच पाहिलाय, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू राहिली होती तेव्हा."

इनेझ खाली बसली. तंबूच्या तळाचा एक कोपरा तिने काठीने उचलला. त्याच्याखाली हिरवे कोवळे तुरे पडले होते, वरची फांदी आपटताना गळालेले. तंबूच्या खाली. म्हणजे आधी तुरे, मग तंबू. पलीकडे नेच्यांची पानं कुणीतरी मुद्दाम पसरून ठेवली होती. ती तिने बाजूला केली. काळ्या मऊ मातीत चौकोनी ठसा उमटला होता, खोल आणि स्वच्छ. ट्रक उचलायच्या जॅकच्या बैठकीचा.

कुरणातला तंबू. मिटलेली दारं. आत निखाऱ्यांची शेगडी. गुलाबी गाल.

आणि त्याच तंबूत झोपलेली दुसरी बाई, जी सकाळपासून दोनदा ओकली आणि जिचं डोकं फुटत होतं.

"ऑक्सिजन!" इनेझ ओरडतच उठली. "त्या म्हातारीला ऑक्सिजन द्या आधी! तिच्याही अंगात निखाऱ्यांचा तोच विषारी वायू भिनलाय!"

४

मार्गिटच्या तोंडावर मास्क चढला तेव्हा लाइल धावत आला होता. रुग्णवाहिकेतल्या मुलीने त्याला काय झालंय ते सांगितलं. पटकन शहरात न्यायला हवं, पण श्वास चांगला चाललाय, म्हणाली. ते ऐकताना त्याचे ओठ पांढरे पडत गेले.

"हे मला सुचलंच नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तिलाही लागलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

इनेझने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं, त्याच्याच ट्रकपाशी. जॅक मागे पडलेला होता. त्याच्या दात्यांत नेच्याचं पान अडकलं होतं.

"तू सांगतोस की मी सांगू?"

"तुला कसली घाई झालीये ते ठाऊक आहे मला," तो एकदम उसळला. "झाड वाचवायचंय तुला! ऐकलं मी त्या रेडिओवर. माझा बाप मेला आणि तुला लाकडाची पडलीये!"

हे तिला लागलं, कारण फांदीखालून हात काढला त्या क्षणी पहिला विचार तिच्या मनात झाडाचाच आला होता. बरं वाटलं होतं तिला. एक माणूस मरून पडलेला असताना बरं वाटलं होतं.

"असेल तसं," ती म्हणाली. "म्हणून तुझ्या तोंडून ऐकायचंय. मला चुकीचं दिसत असेल तर सांग, चुकीचं आहे म्हणून."

लाइल ट्रकच्या पायरीवर बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"उजाडायला लागलं तेव्हा मी लघवीला उठलो," तो शेवटी बोलायला लागला. "तर आई रस्त्यावर. अनवाणी. तिला घेऊन आलो तर तंबूचं दार उघडं, आणि आत बाबा. आणि त्यांच्या पायाशी शेगडी. मी हलवलं त्यांना, हाका मारल्या. केव्हाच गेले होते. आईने बघितलं. म्हणाली, मी काय केलं? लाइल, मी काय केलं? मग मला कळलं. तिला थंडी वाजते, तिने आत आणली. गेल्या वर्षी घरी गॅस उघडा टाकून झोपली होती. करीनने वास आला म्हणून वाचवलं."

"मग?"

"मग काय! पोलीस येणार, विचारणार, आणि तिला कोणीतरी सांगणार की तू नवऱ्याला मारलंस. ती विसरेल, पुन्हा विचारेल, पुन्हा कोणीतरी सांगेल. मला सहन होईना ते. फांदी तिथे पडलेलीच होती कालपासून. मी फांदीचं टोक जॅकवर घेतलं आणि तंबू सरकवला खाली. त्यांच्यासकट." त्याचा आवाज फाटला. "चेहऱ्यावर नाही ठेवली. ठेववेना. तेवढं एक केलं."

"करीन कुठे होती?"

"व्हॅनमध्ये. मी उठवलं तिला. तिला तर बोलताच येईना. भिंतीसारखी उभी राहिली. मग म्हणाली, तू म्हणशील तसं. शेगडी तिने धुतली."

"शेगडी तू उचललीस तेव्हा ती कशावर होती, लाइल?"

त्याने आठवलं. "फळीवर. पाव कापायची फळी. का?"

 इनेझ वळून चालायला लागली होती, शेकोटीच्या खड्ड्याच्या दिशेने. तिथे सकाळी कुणीतरी पेटवलेली आग झाडावरून पडणाऱ्या पाण्याने अर्धवट विझली होती.

तिने काठीने निखारे उकरले आणि जे हवं होतं ते काढलं. जे सापडू नये असं तिला वाटत होतं, तेही तेच होतं.

५

करीन आईच्या शेजारी कुरणात बसली होती. रुग्णवाहिका मागे घेत होते. इनेझने ती जळकी फळी तिच्या पुढ्यात, गवतावर ठेवली. अर्धी खाक झाली होती. उरलेल्या अर्ध्या भागावर दोन गोल काळे डाग होते, आणि जिथे ती तुटली होती त्या कडेला तिसऱ्याची कोर.

"शेगडीचे पाय," इनेझ म्हणाली. "पाव कापायला तुझ्याकडे झाकण का होतं, हे मला आधीच विचारायला हवं होतं."

करीनने फळीवरून नजर हटवली.

"कोणीतरी विचार केला, की तंबूचा तळ जळायला नको. म्हणून फळी आत नेली, नीट ठेवली, तिच्यावर शेगडी ठेवली. काळजी घेणारं माणूस होतं ते. निखाऱ्यांनी भरलेली लोखंडी शेगडी दोन हातांनी उचलावी लागते, करीन. तुझ्या आईचा एक हात प्लास्टरमध्ये आहे. तिला पेला धरता येत नाही."

लाइल मागे येऊन उभा राहिला होता. तो फळीकडे पाहत होता.

"तिने डाव्या हाताने..." त्याने सुरुवात केली.

"आणि मग तीच फळी सकाळी जाळली कुणी?" इनेझने विचारलं. "आईने केलं असतं तर फळी लपवायचं कारणच काय? शेगडी आत होती हे तुला माहीतच होतं, लाइल. तुझ्यापासून फक्त एकच गोष्ट लपवायची उरली होती."

लाइलने बहिणीकडे पाहिलं. "करीन?"

"निखारे विझत आले होते," करीन म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "वरून सगळी राख धरली होती. आई कुडकुडत होती. आत्ता आणते घरातलं ब्लँकेट, असं म्हणत होती, तिला वाटत होतं आपण घरीच आहोत. बाबा म्हणाले, ठेव गं थोडा वेळ, पाय शेकू दे तिचे. मी ठेवली. दार लावून घेतलं, ऊब राहावी म्हणून. ती झोपली की काढून घेईन असं ठरवलं होतं. व्हॅनमध्ये टेकले जरा. नुसतं टेकले होते."

"आणि सकाळी?" लाइलने विचारलं.

"सकाळी तू मला उठवलंस आणि म्हणालास, आईने काय केलंय बघ."

"तू बोलली का नाहीस?"

"बोलणार होते." करीनने पहिल्यांदा मान वर केली. "तू किती वर्षांनी कशाची जबाबदारी अंगावर घेतलीस, लाइल? जूनमध्ये येतोस, मासे पकडतोस, जाताना मला म्हणतोस, तू आहेस म्हणून बरं. तिला आंघोळ मी घालते. रात्री दाराशी मी झोपते. बाबांची औषधं, डॉक्टर, सगळं मी. आज पहिल्यांदा तू म्हणालास, मी बघतो, तू काळजी करू नकोस. आणि मी... मला वाटलं, बघू दे. तिला काय, ती विसरेल. आळ तिच्यावर गेला तर तिला कळणारही नाही."

"तिला कळलंय," इनेझ म्हणाली. "बाकी सगळं विसरलीये ती. एवढंच धरून बसलीये. माझ्या कानात सांगितलं तिने, मीच केलं म्हणून."

करीनच्या तोंडून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता. दुखावलेलं जनावर करतं तसा, आतल्या आत दबलेला. लाइलने एक पाऊल पुढे टाकलं, मग मागे घेतलं. त्याला तिला मारायचं होतं की जवळ घ्यायचं होतं, ते बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं. तो खाली बसला आणि गवत उपटत राहिला.

रेडिओ वाजला. मेरिल होता. "शेरीफची गाडी फाट्यावर आलीये. झाडाचं काय करायचं, नक्की सांग."

"झाडाने काही केलेलं नाही," इनेझ म्हणाली. "बाकीचं मग सांगते." आणि तिने तो बंद केला. विजय मिळाल्यासारखं काहीच वाटलं नाही. तोंडात राखेची चव होती.

"मृतदेह हलवणं गुन्हा आहे. लपवणंही," ती दोघांना म्हणाली. "तो गुन्हा किती मोठा धरायचा, ते माझ्या हातात नाही. मी जे पाहिलं ते सगळं सांगणार. ऑर्विलच्या रक्तात तो वायू तसाही सापडेल. तुम्ही आपल्या तोंडाने आधी सांगितलंत तर बरं. पण शेरीफच्याही आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगायचंय."

करीनला समजलं. ती उठली नाही. गुडघ्यांवरच सरकत आईच्या खुर्चीपाशी गेली. मार्गिटने मास्क हनुवटीखाली ओढला होता. रुग्णवाहिकेतली मुलगी तो पुन्हा लावायला पुढे आली, तशी इनेझने तिला हाताने थांबवलं. एक मिनिट.

"आई, माझ्याकडे बघ. शेगडी मी ठेवली होती. तू नाही."

"मी नाही?"

"नाही. तू काहीच केलं नाहीस. तुला थंडी वाजत होती, म्हणून मी ठेवली. आणि काढायला विसरले. त्याने बाबा गेले."

म्हातारी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली. पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसे तिचे खांदे सैल पडले. प्लास्टरचा जड हात उचलून तिने करीनच्या डोक्यावर ठेवला.

"विसरलीस होय?" ती मायेने म्हणाली. "अगं, रडतेस काय एवढी? होतं असं. दमतेस तू दिवसभर. जा, बाबांना सांगून टाक. ते नाही रागवायचे तुला." तिने कुरणावरून नजर फिरवली, मग लाइलकडे पाहिलं, मग पुन्हा लेकीकडे. "कुठे गेलेत ते?"

लाइलने तोंड फिरवलं. रुग्णवाहिकेतल्या मुलीने मास्क हातात घट्ट धरला होता. कोणी करीनच्या मदतीला आलं नाही.

करीनने आईचा हात डोक्यावरून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला, श्वास घेतला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.